क्वांटम कॉम्प्युटरने बँकेचं कुलूप तोडलं? व्हायरल दाव्यामागचं गणित समजून घ्या

खांदेश्वर स्टेशनबाहेर चहा पिऊन आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, पिन टाकतो आणि लोकल पकडायला धावतो. फोनमधून निघालेली ही माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून तिला कुलूप लावलेलं असतं. हे कुलूप गणिताचं असतं.

चीनमधल्या संशोधकांनी क्वांटम कॉम्प्युटर वापरून 'लष्करी दर्जाचं' कुलूप तोडल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२४ मध्ये आल्या. तेव्हापासून 'आता बँक खाती रिकामी होणार' असे मेसेज अधूनमधून फिरत असतात. यात तथ्य किती?

कुलूप चालतं कसं?

१०१ गुणिले १०३ किती? १०,४०३. हे कागदावर लगेच जमतं. आता उलटा प्रश्न : १०,४०३ कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून आली? इथे एकेक संख्येने भागून पाहावं लागतं.

रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये याच अडचणीवर आरएसए ही पद्धत उभी केली. गुणाकार सगळ्यांना दिसतो, मूळ संख्या मात्र गुप्त राहतात. इंटरनेटवर आज वापरात असलेल्या पद्धतींपैकी ही एक. तिच्यातली नेहमीची संख्या तब्बल ६१७ अंकी असते.

संख्या मोठी की कुलूप पक्कं?

नेहमीच नाही. १२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या पाहा. दिसायला अवघड, पण ती १११११११११ चा वर्ग आहे. त्यामुळे तिचे अवयव चटकन सापडतात : ३, ३७ आणि ३,३३,६६७. अशा संख्यांचा अभ्यास देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी केला. कल्पना सुचली ते स्टेशन डेम्लो, म्हणजे आजचं डोंबिवली. म्हणून नाव 'डेम्लो संख्या'.

थोडक्यात, संख्येत नक्षी असेल तर ती फुटते. म्हणून कुलपासाठी नक्षी नसलेल्या, यादृच्छिक निवडलेल्या मूळ संख्या लागतात.

मग बातमीत काय होतं?

त्या प्रयोगात फोडलेली संख्या होती २२ बिटची, म्हणजे फार तर सात अंकी. तीनशेच्या आसपास मूळ संख्यांनी भागून पाहिलं की ती कॅल्क्युलेटरवरही फुटते. तुलनेसाठी, साध्या कॉम्प्युटरांनी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्या फोडली. प्रोसेसरच्या एकाच कोअरवर हे काम केलं असतं तर सुमारे २,७०० वर्षं लागली असती. ६१७ अंक तर अजून खूप लांब आहेत.

म्हणजे धोका नाही?

आहे, पण वेगळा. अवयव पाडणं कठीणच आहे, हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर ते झटपट करू शकतो, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. त्यासाठी सुमारे दोन कोटी क्युबिट लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये होता. मे २०२५ मध्ये गूगलच्या संशोधकाने तो दहा लाखांच्या खाली आणला. एवढं मोठं यंत्र आज कुणाकडेच नाही.

पण आज चोरून साठवलेली माहिती उद्या उघडता येईल. चहाच्या दहा रुपयांचा व्यवहार वीस वर्षांनी कुणी वाचला तर फरक पडत नाही. आजारपणाच्या नोंदी किंवा सरकारी गुपितं वाचली तर पडतो.

म्हणूनच कुलपं बदलणं सुरू झालंय. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमलाही पुरून उरतील अशी तीन मानकं जाहीर केली. भारताने २०२३ मध्ये ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याच्या चार केंद्रांपैकी एक पवईच्या आयआयटी मुंबईत आहे.

तुम्ही काय करायचं?

नवी कुलपं अपडेटमधूनच येतात, त्यामुळे फोन आणि अ‍ॅपचे अपडेट टाळू नका. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. खातं रिकामं करणारा चोर ६१७ अंकी संख्या फोडत बसत नाही, तो तुम्हाला फोन करून सहा अंक विचारतो.