विश्लेषण : अंगात लाइफ जॅकेट आहे, पण तक्रार कुणाकडे करायची? पॅडलिंग क्लबमधील सुरक्षेचा प्रश्न काय आहे?

धरणांच्या जलाशयांत आणि खाड्यांत सुट्टीच्या दिवशी कयाक, कनू घेऊन उतरणाऱ्या हौशी गटांत शाळकरी मुलेही असतात. पाण्यात जाण्यापूर्वी लाइफ जॅकेट, शिटी, हवामान यांची तपासणी होते. मात्र प्रशिक्षकाने किंवा एखाद्या जुन्या सदस्याने त्रास दिला, तर सांगायचे कुणाला? कायदा याविषयी काय सांगतो आणि छोट्या क्लबांना काय करता येईल?

हा प्रश्न चर्चेत का?

मे २०१५ मध्ये केरळमधील आलप्पुळा येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या जलक्रीडा केंद्रात चार प्रशिक्षणार्थी मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यांतील एकीचा मृत्यू झाला. वसतिगृहात वरिष्ठांकडून छळ होत असल्याचा आरोप नातेवाईकांनी केला होता. २०२२ मध्ये स्लोव्हेनियातील सराव दौऱ्यावर असताना एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर महिला खेळाडूंच्या दौऱ्यात महिला प्रशिक्षक असणे प्राधिकरणाने बंधनकारक केले. २०२३ मध्ये कुस्तीपटू जंतरमंतरवर बसले, तेव्हा कुस्ती महासंघात कायद्यानुसार अंतर्गत समितीच नसल्याचे समोर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. पण या कायद्याचा रोख मान्यताप्राप्त संघटनांवर आहे. चार-पाच कयाक विकत घेऊन मित्रमंडळींनी सुरू केलेला, कुठल्याही संघटनेशी संलग्न नसलेला क्लब त्या साखळीबाहेर राहतो.

पॅडलिंगमध्ये वेगळा धोका कोणता?

हा खेळ शिकवताना स्पर्श टाळता येत नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळणे, वल्हे धरण्याची पद्धत दाखवणे, उलटलेल्या बोटीतून शिकाऊ मुलाला बाहेर काढणे, हे सगळे हातानेच होते. दोन आसनांच्या कयाकमध्ये प्रशिक्षक आणि मूल किनाऱ्यापासून दूर एकटे असू शकतात. सराव पहाटे, तोही अनेकदा गावापासून लांब आणि मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी होतो. ओले कपडे बदलण्यासाठी बंदिस्त खोली नसेल, तर गाडीचा आडोसा किंवा टॉवेल एवढाच आधार. त्यात मुक्कामी शिबिरे, घरी सोडण्यासाठी गाडीतून लिफ्ट, ओल्या कपड्यांतील फोटो आणि रात्री येणारे खासगी मेसेज यांची भर पडते.

दुसरा धोका क्लबच्या रचनेत असतो. बोटी ज्याच्या मालकीच्या, तोच प्रशिक्षक, तोच खजिनदार आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिनही तोच. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर ती ऐकणारे दुसरे कुणी उरत नाही. पाण्यावर जीव ज्याच्या भरवशावर असतो, त्याच्याविषयी बोलायला मूल आणि पालक दोघेही कचरतात.

मुलांच्या बाबतीत कायदा काय सांगतो?

१८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच 'पोक्सो' दोघांनाही लागू होतो. वाईट हेतूने सतत पाठलाग करणे किंवा मेसेजद्वारे संपर्क साधत राहणे हाही त्यात गुन्हा आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने लैंगिक हल्ला केल्यास तो गंभीर स्वरूपाचा मानला जातो आणि किमान ५ ते कमाल ७ वर्षे कैदेची तरतूद आहे. हल्ल्याचे स्वरूप अधिक गंभीर असेल तर शिक्षाही मोठी. मग शिकवतानाच्या स्पर्शाचे काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 'त्वचेला त्वचेचा स्पर्श' हवा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. त्या वेळी लैंगिक हेतू महत्त्वाचा असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

क्लबने प्रकरण 'आपसात' मिटवले तर?

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. पोक्सोच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती किंवा तशी शक्यता लक्षात आल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. माहिती दडवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही, तर कैद १ वर्षापर्यंत जाते. २०२४ च्या बदलापूर प्रकरणात, वेळीच माहिती न दिल्याच्या आरोपावरून शाळा व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा नोंदवण्यात आला होता. आधी क्लबने चौकशी करून खातरजमा करावी, अशी अट कायद्यात नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली तरी त्याला शिक्षा होत नाही. मुलाची ओळख उघड करण्यास मनाई असल्याने ग्रुपवर नाव टाकून 'चर्चा' करणेही अंगलट येऊ शकते.

प्रौढ महिला सदस्यांना कोणते संरक्षण?

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३ मध्ये 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रारदार महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे, असे बंधन नाही. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती आवश्यक ठरते. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत ३ महिने असून कारण पटल्यास ती आणखी ३ महिने वाढू शकते. याशिवाय भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ, कपडे बदलताना चोरून पाहणे वा चित्रीकरण करणे आणि पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे आहेत. २०१३ चा कायदा मात्र महिलांपुरता आहे. प्रौढ पुरुष सदस्यांसाठी क्लबची स्वतःची आचारसंहिताच कामी येते.

परदेशात काय केले जाते?

इंग्लंडमध्ये क्रीडा क्लबांत 'वेल्फेअर ऑफिसर' नेमण्याची आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी सरकारी यंत्रणेमार्फत तपासण्याची पद्धत रुळली आहे. तिथे संमतीचे वय १६ आहे. मात्र जून २०२२ पासून क्रीडा प्रशिक्षकाने आपल्या हाताखालील १६-१७ वर्षांच्या खेळाडूशी लैंगिक संबंध ठेवणे इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हा आहे. जिम्नॅस्टिक्समधील लॅरी नासर प्रकरणानंतर अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा केला. ऑलिंपिक खेळांच्या संघटनांशी संबंधित प्रौढांनी बालशोषणाची माहिती २४ तासांत देणे त्यानुसार बंधनकारक झाले. एक प्रौढ आणि एक मूल यांची भेट इतरांना दिसेल, गरज पडल्यास थांबवता येईल अशीच हवी, हे तिथले सूत्र आहे.

छोट्या क्लबला काय जमू शकते?

यातील बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. तक्रार ऐकण्यासाठी दोन व्यक्ती नेमाव्यात. त्यांपैकी एक महिला असावी आणि दोघेही प्रशिक्षक किंवा बोटींचे मालक नसावेत. त्यांचे नंबर बोटी ठेवण्याच्या जागी लावावेत. मुलांच्या सरावाला किमान दोन प्रौढ असावेत आणि बोटी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहाव्यात. जॅकेट तपासण्यापूर्वी 'पट्टा आवळतो' असे सांगून हात लावावा. उलटलेल्या बोटीतून बाहेर काढण्याचा सराव आधी किनाऱ्यावर समजावून द्यावा. कपडे बदलण्यासाठी तंबू असावा आणि तिथे मोबाइलला मनाई असावी. मुलांना मेसेज फक्त पालक असलेल्या ग्रुपवरच जावेत. नव्या प्रशिक्षकाचे पोलीस पडताळणी प्रमाणपत्र घ्यावे आणि आधीच्या क्लबला फोन करून चौकशी करावी. पडताळणीत फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात, त्यामुळे हा फोन तितकाच गरजेचा आहे.

पालकांनी क्लब निवडताना बोटी किती आहेत, हे विचारण्याबरोबरच 'तक्रार आली तर तुम्ही काय करता?' हेही विचारावे. 'आमच्याकडे असे काही होत नाही' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

मदत कुठे मिळेल?

बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मानसिक आधारासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. मुलांना हे क्रमांक पाठ असावेत, कारण पाण्यावर जाताना मोबाइल बहुधा किनाऱ्यावरच राहतो.