पौष्टिक आहार, पण कुणाच्या ताटात?

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि आता मोबाईलवरही 'घरच्या घरी आरोग्य' शिकवणारा मजकूर उदंड येतो. सकाळी भिजवलेले बदाम, नाश्त्याला ओट्स, दुपारी कोशिंबीर, रात्री सूप, भाजी विनारसायन शेतीतली. हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक बाई असते हे नक्की, कारण बदाम कुणी भिजवायचे आणि सूप कुणी उकळायचं हे सांगायची त्यांना गरजच वाटत नाही. खाणाऱ्यांची यादी मात्र नवरा, मुलं, सासू-सासरे अशी चालते. बाईची पाळी येईपर्यंत पातेलं खरवडायची वेळ झालेली असते.

म्हणून हा विषय बायकांनी सोडून द्यावा असं मी म्हणत नाही. उलट तो आपलाच आहे. परवडतील असे छोटे बदल जरूर करावेत. फक्त त्यांची सुरुवात बाजाराऐवजी ताटापासून करावी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रात हा आकडा 54 टक्के होता. याच वयाच्या पुरुषांमध्ये तो देशभरात 25 टक्के आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली ठरवलेल्या प्रमाणानुसार बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला 19. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, त्यामुळे हा फरक आहे. म्हणजे ज्या शरीराला दीडपट लोह हवं, ते शरीर सर्वांत शेवटी जेवतं. 'तो कष्टाचं काम करतो, त्याला जास्त लागतं' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि आपण काय करतो? 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या. जे थोडे पुरुष घरकाम करत होते, त्यांची सरासरी 97 मिनिटं भरली.

तेव्हा पहिला बदल फुकटातला. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याझाल्या चहा घ्यायचा नाही. डाळी, धान्य, पालेभाजी यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, आणि चहातली तुरट द्रव्यं ते आणखी अडवून धरतात. लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो, चिंच-आमसुलाऐवजी एखादी कैरी यांतलं क जीवनसत्त्व त्याच्या उलट काम करतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. उपकेंद्रातून मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळीलाही हेच लागू. ती चहाच्या घोटाबरोबर गिळली तर निम्मं काम वाया.

चहा सोडा, असा उपदेश मात्र कुणी करू नये. शेतावर किंवा चार घरची भांडी घासायला निघालेली बाई सकाळी चहा पिते ती चैन म्हणून नव्हे. त्या चहाने भूक मारली जाते आणि दुपारपर्यंत रेटता येतं. तिला चहा सोडायला सांगण्याआधी त्याच्यासोबत अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्या पदरात पडते का, ते बघायला हवं.

दुसरा बदलही बिनखर्चाचा आहे, पण सर्वांत अवघड. सगळ्यांनी एकदम जेवायला बसायचं. यात आडवी येते ती 'तव्यावरची गरम' ही सवय. एकेक पोळी फुगून थेट ताटात पडली पाहिजे, या हट्टापायी बाई चुलीपाशी किंवा ओट्याशी अडकते आणि तिच्या वाट्याला निवलेली भाजी, तीही उरली तर, येते. भाकऱ्या करून टोपल्यात फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, भाजीचं पातेलं मध्ये ठेवावं आणि सगळ्यांनी वाढून घ्यावं. कालवणातल्या फोडी किती आणि रस्सा किती, हे तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरतं. यावरून घरात कुरबूर होईल. गरम पोळीपायी कुणाच्या अंगातलं रक्त कमी होतंय, हे तेव्हा आकड्यांसकट सांगता येईल.

ज्वारी-बाजरीचं सध्या फार कौतुक चाललं आहे. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, सरकारने त्यांना 'श्री अन्न' असं नावही दिलं. चांगलंच झालं. पण एके काळी भाकरी रोजची आणि पोळी सणाची होती, ते आता अनेक घरांत उलटं झालं आहे, कारण रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि ज्वारी दुकानातून विकत आणावी लागते. त्यामुळे 'पूर्वीसारखी भाकरी खा' हा सल्ला गरीब घराला महाग पडतो. शिवाय भाकरी थापायला हात आणि वेळ लागतो. दोन्ही कुणाचे, ते वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा रेशनच्याच गव्हाच्या चार वाट्या पिठात एक वाटी नाचणीचं पीठ मिसळणं जमण्यासारखं आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ज्या घरी दूध फक्त चहापुरतं येतं, तिथे ही गोष्ट लहान नाही.

मटकी, हरभरा, चवळी यांना मोड आणले की क जीवनसत्त्व वाढतं आणि लोहही अंगी लागतं. खर्च वाढत नाही. रात्री भिजत घालायची आठवण तेवढी ठेवावी लागते, आणि ती घरातल्या कुणालाही ठेवता येते. पालेभाजीचंही तसंच. तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला स्वस्त असतो, कधी कधी दारातच असतो. तो टाळला जातो कारण निवडायला अर्धा तास जातो. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचे हात मोकळेच असतात. जुडी त्याच्या पुढ्यात ठेवावी.

'स्वच्छ आहार' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. फवारणीची भाजी नीट धुवून घेणं, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा न तापवणं, या अर्थी स्वच्छता हवीच. पण 'शुद्ध' आणि 'सात्त्विक' म्हणता म्हणता हा शब्द भलतीकडे सरकतो. सुकट, बोंबील, जवळा हे गरिबाच्या घरचं स्वस्त प्रथिन आहे. त्याच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांनी त्याला अस्वच्छ ठरवलं. महाराष्ट्रात 2015 साली बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि अनेक दलित-मुस्लिम घरांतलं परवडणारं मटण गेलं. 2023 च्या नोव्हेंबरात सरकारने शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि 2025 च्या जानेवारीत त्यासाठी वेगळे पैसे देणार नाही म्हणून हात झटकले. पोरांच्या पोटात काय जावं हे ठरवताना आयांना कुणी विचारलं होतं?

आणि त्याच आयांना पाच रुपयांच्या पुड्यावरून बोल लावले जातात. कुरकुरीत तळलेल्या पुड्यात मीठ-तेलाशिवाय फारसं काही नसतं, बिस्किटात साखर-मैदा, हे त्यांनाही कळतं. पण सकाळी सहाला घर सोडणाऱ्या बाईला पुडा हाताशी असतो, रडणारं पोर गप्प होतं, आणि त्याला निवडावं-शिजवावं लागत नाही. फुटाणे-शेंगदाण्याची पुरचुंडी, उकडलेलं अंडं किंवा केळं हे बदल चांगलेच. पण ते डब्यात भरायला घरात दुसरं माणूस उठलं पाहिजे. नाहीतर 'पौष्टिक आहार' म्हणजे बाईच्या दिवसात आणखी अर्धा तास काम.

घरात करायचं ते एवढं. रेशनच्या दुकानात करायचं ते निराळं आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरडधान्यालाही जागा आहे. त्याच कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईचं नाव घालायला सांगितलं आहे, आणि दक्षता समितीत बायकांना प्रतिनिधित्व द्यायलाही. आपल्या दुकानाच्या समितीत कोण बाई आहे, तिला बैठकीचं बोलावणं येतं का की घरी नुसतं सहीला रजिस्टर येतं, हे आधी शोधून काढावं. मग ज्वारी आणि तूरडाळीची मागणी लेखी द्यावी आणि अर्ज मिळाल्याची पोच घ्यावी.