विश्लेषण : राष्ट्रीय उद्यानात सहलीची मैदाने असावीत का? सिडनीतल्या नदीकाठच्या वाटेवरून काय दिसते?

सिडनीच्या मध्यवर्ती भागापासून सुमारे १० किलोमीटरवर लेन कोव्ह राष्ट्रीय उद्यान आहे. लेन कोव्ह नदीच्या दोन्ही काठांना धरून पसरलेली ही जंगलाची अरुंद पट्टी. वर टेकड्यांच्या माथ्यावर घरे, कार्यालये आणि रस्ते, तर खाली निलगिरीच्या झाडांतून नदीलगत जाणारी पायवाट. झाडीतून असे चालत जाण्याला ऑस्ट्रेलियात ‘बुशवॉक’ म्हणतात. पण या वाटेवर निव्वळ जंगल लागत नाही. कार्टर क्रीक, कॅसुअरिना पॉइंट, कमांडमेंट रॉक अशी सहलीची मैदाने मध्ये मध्ये येतात. तिथे टेबले, बाके, डबे उघडून बसलेली कुटुंबे आणि उरलेल्या खाण्यावर डोळा ठेवून फिरणाऱ्या रानकोंबड्यांसारख्या ‘ब्रश टर्की’ असतात. राष्ट्रीय उद्यानात हा गोंगाट कशाला, असा प्रश्न इथे येणाऱ्या अनेकांना पडतो. प्रश्न रास्त असला, तरी तो चुकीच्या आरोपीकडे बोट दाखवतो.

सहल आधी की उद्यान?

या नदीवर सहल आधी आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिडनीकर बोटीने ‘फेअरीलँड’ नावाच्या खासगी सहलस्थळी येत. तिथे नाचासाठी सभागृह होते, मुलांसाठी खेळ होते. आज ती जागा पुन्हा झाडीने व्यापली आहे. नदीवर बंधारा बांधून १९३८मध्ये लोकांसाठी उद्यान खुले झाले, ते नौकाविहार आणि सहलीसाठीच. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला थेट १९९२मध्ये.

हे काही अपवादात्मक नाही. सिडनीच्या दक्षिणेला १८७९मध्ये स्थापन झालेले, आज ‘रॉयल’ म्हणून ओळखले जाणारे राष्ट्रीय उद्यान जगातल्या सर्वांत जुन्या उद्यानांपैकी एक. तेही प्रामुख्याने शहरवासीयांना मोकळी हवा मिळावी म्हणूनच राखले गेले. तिथे ऑडली येथे हॅकिंग नदीकाठी हिरवळ केली गेली, बाहेरून हरणे आणून सोडली गेली. हरणांचा उपद्रव तिथले जंगल अजून भोगते आहे. म्हणजे सहलीच्या नावाखाली चुका झाल्याच नाहीत, असे नाही. पण हिरवळीचा तुकडा आणि परके प्राणी यांत फरक करावा लागतो. पहिल्याचे नुकसान कुंपणाइतक्या जागेत राहते, दुसऱ्याचे रानभर पसरते.

मग खरे नुकसान कशाने?

वरून येणाऱ्या पाण्याने. लेन कोव्ह नदी उत्तरेकडच्या उपनगरांत उगम पावते आणि वस्तीतून वाहत उद्यानात शिरते. पाऊस पडला की छपरांवरचे, रस्त्यांवरचे, बागांमधले पाणी गटारांच्या पाइपांतून थेट ओढ्यांत उतरते. त्यात लॉनचे खत, तेल, कुत्र्यांची विष्ठा असते. मोठ्या पावसात सांडपाण्याच्या वाहिन्याही भरून वाहतात. सिडनीच्या बंदरात आणि खाड्यांत मुसळधार पावसानंतर तीन दिवसांपर्यंत पोहू नये, असा सरकारी सल्ला असतो, तो याचमुळे.

पण पोहण्यापेक्षा मोठा प्रश्न मातीचा आहे. इथली माती वालुकाश्माची, फॉस्फरस अगदी कमी असलेली. स्थानिक झाडे याच उपासमारीला सरावलेली आहेत. शहराचे पाणी त्यांना नको असलेले खत पुरवते आणि त्यावर प्रिव्हेट, लँटाना अशी तणे फोफावतात. लँटाना म्हणजे आपल्याकडची घाणेरी किंवा टणटणी. सह्याद्रीतही तिने असाच उच्छाद मांडला आहे. दोन्हीकडे ती अमेरिका खंडातून, बागेची शोभा म्हणून आली.

बंधाऱ्याने आणखी एक गोष्ट केली. त्याच्या खाली भरती-ओहोटीचे खारे पाणी आणि खारफुटी, तर वर संथ गोडे पाणी. संथ पाण्यात गाळ बसतो. १ जानेवारी १९६३ रोजी फुलर्स ब्रिजजवळ नदीकाठी डॉ. गिल्बर्ट बोगल आणि मार्गारेट चँडलर यांचे मृतदेह सापडले. मृत्यूचे कारण कधीच निश्चित झाले नाही. मात्र २००६मधल्या एका माहितीपटाने प्रदूषित गाळातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूची शक्यता मांडली. ती खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. नदीत कारखान्यांचे सांडपाणी सोडले जात होते, एवढे मात्र खरे.

सहलीला येणारे काय करतात?

बरेचदा तेच जंगल सांभाळतात. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी तण काढण्याची एक पद्धत रुजवली : चांगल्या, निरोगी जंगलापासून सुरुवात करायची, हळूहळू खराब भागाकडे सरकायचे, माती कमीत कमी उकरायची आणि स्थानिक रोपांच्या वेगानेच पुढे जायचे. लेन कोव्हमध्येही स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून हे काम करतात. नदीवर कधी डबा खाल्लाच नाही, असा माणूस सुट्टीच्या दिवशी प्रिव्हेटची मुळे उपटायला येईल, ही अपेक्षा भाबडी आहे. शिवाय गर्दी ठरावीक मैदानांत थांबली, तर ती पायवाट सोडून रानात घुसत नाही. गाडीने येणाऱ्यांना शुल्क आहे, पायी येणाऱ्यांना नाही, हेही शहाणपणाचे.

उद्यानाचे मोठे घाव दुसरीकडून आले. १९९४च्या वणव्यात त्याचा बराच भाग जळाला, शेजारची घरेही गेली. १९९७मध्ये सुरू झालेला ‘एम-२’ मोटरवे याच खोऱ्यातून जातो.

बोरिवलीत उलटे का?

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे गणित नेमके उलटे आहे. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात, जंगलात उगम पावते. स्वच्छ निघते आणि उद्यानाबाहेर पडल्यावर तबेल्यांचे शेण, सांडपाणी, राडारोडा पोटात घेत खाडीला मिळते. सिडनीत शहर जंगलाला घाण पाठवते, इथे जंगल शहराला पाणी पाठवते आणि शहर ते नासवते. म्हणून सिडनीतला उपाय उद्यानाच्या वरच्या अंगाला, उपनगरांच्या गटारांवर करावा लागतो : ओढ्यांच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळ्या, पाणी जिरवणाऱ्या पाणथळी. बोरिवलीत तो खालच्या अंगाला, महापालिकेच्या हद्दीत करावा लागेल. दोन्ही ठिकाणी तो उद्यानाच्या फाटकाबाहेरच आहे. आणि फाटकावर सहलीला आलेल्यांच्या पिशव्या तपासणाऱ्या रखवालदाराच्या अखत्यारीत तो येत नाही.