रंगाच्या नळ्या फेकू नका

ऑस्लोच्या मुंक संग्रहालयातील ‘द स्क्रीम’ हे चित्र १९१०च्या सुमाराचे. पुलावर उभे राहून दोन्ही हातांनी कान झाकणारी त्यातली आकृती न पाहिलेला माणूस विरळाच. पण या चित्रातील मावळतीच्या आकाशाचा आणि आकृतीच्या मानेजवळचा पिवळा रंग आता पांढुरका पडला आहे, तर तळ्यावरचा जाड पिवळा थर पापुद्र्यांनी सुटतो आहे. दोष उजेडाचा, असे कोणालाही वाटेल. २०२० मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र दुसऱ्याच आरोपीकडे बोट दाखवले. तो आरोपी म्हणजे दमट हवा.

मुंकने वापरलेला कॅडमियम पिवळा म्हणजे कॅडमियम सल्फाइड. ओलाव्यात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन कॅडमियम सल्फेट बनते. त्याला पिवळेपणा नसतो आणि ते पाण्यात विरघळते. रंग तयार होताना त्यात राहून गेलेले क्लोराइड या प्रक्रियेला हातभार लावते. हे शोधण्यासाठी आधी चित्राला स्पर्शही न करता किरणांच्या साहाय्याने तपासणी झाली. मग रंगाचे सूक्ष्म कण फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये प्रखर क्ष-किरणांखाली ठेवले गेले. शिवाय संग्रहालयाने जपून ठेवलेल्या, मुंकच्या स्वतःच्या नळीतील रंगाचे नमुने करून ते मुद्दाम जुने केले गेले. निष्कर्ष सोपा निघाला : नेहमीचा प्रकाश चालेल, पण हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

आपल्या नळीत पुढे दगा देणारा रंग आहे, हे मुंकला कळणे शक्य नव्हते. नळीतला ऐवज लेबलवर पूर्ण लिहिलेला नसतो. याच गोष्टीने जर्मनीतील वोल्फगांग बेल्ट्राकी या बनावट चित्रकाराला तुरुंगात धाडले. हाइनरिश काम्पेनडोंकचे १९१४ मधील चित्र म्हणून त्याने रंगवलेले चित्र २००६ मध्ये २८ लाख ८० हजार युरोंना विकले गेले. शैली पटणारी होती, मागे जुन्या संग्रहाची चिठ्ठीही डकवलेली होती. तपासणीत मात्र टायटॅनियम व्हाइट सापडले. हा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो पहिल्या महायुद्धानंतर. बेल्ट्राकीने वापरलेल्या नळीवर टायटॅनियमचा उल्लेखच नव्हता. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

अशा बातम्यांमुळे रंगांचे विश्लेषण म्हणजे चोर पकडण्याची विद्या, असा समज होतो. तो अपुरा आहे. प्रयोगशाळा ‘हे खोटे’ असे ठामपणे म्हणू शकते. पण ‘हे खरे’ या दाव्याला बळ देण्यासाठी आणि चित्र टिकवण्यासाठी चित्रकार नेमके काय वापरत होता, याची नोंद तुलनेला लागते. आपले घोडे इथेच अडते.

पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ मधील ‘ग्राम यात्रा’ हे चित्रही अनेक वर्षे ऑस्लोतच होते. एका डॉक्टरांनी दिल्लीत घेतलेले हे चित्र १९६४ मध्ये तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाला मिळाले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. किंमत कोटींत गेली की नकलांनाही ऊत येतो. मग हुसेन, रझा, सूझा, आरा, गायतोंडे यांनी कोणत्या काळात कोणते रंग, कोणते तेल, कोणते कापड वापरले, याची पद्धतशीर नोंद आपल्याकडे किती आहे? सिनेमाची होर्डिंग रंगवता रंगवता हुसेन घडले. त्या मुंबईत चित्रकारांच्या हाती कोणते रंग येत होते, हे सांगू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

शिवाय पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या पुढे जाते. मुंकच्या चित्राचा नियम प्रत्येक रंगाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. पण दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद खोलीतला दमटपणा, असा खेळ कुठल्याच कॅनव्हासला मानवत नाही. कार्यालयांच्या, महाविद्यालयांच्या, घरांच्या भिंतींवरील चित्रे तो मुकाट सोसतात.

हे सारे आपल्याला परवडेल का, असा प्रश्न येईल. सिंक्रोट्रॉन प्रत्येक चित्राला लागत नाही. हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण उपकरणाने बरेच काम भागते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. कला महाविद्यालये, लिलावगृहे आणि चित्रकारांचे वारस यांनी त्यांच्याशी जोडून घेऊन प्रत्येक चित्रकाराच्या साहित्याची सामाईक नोंदवही सुरू करावी. लाखोंची विक्री करणाऱ्यांनी रंगतपासणीचा अहवाल देण्याचा प्रघात पाडावा.

त्याआधीचे काम तर बिनखर्चाचे आहे. चित्रकाराच्या पश्चात घर आवरताना चित्रे ठेवली जातात आणि वाळलेल्या नळ्या, पॅलेट, रंगांच्या पावत्या रद्दीत जातात. मुंकच्या नळ्याही अशाच गेल्या असत्या, तर त्याचा पिवळा का विटला हे शोधणे कितीतरी अवघड झाले असते. आपल्या चित्रकारांच्या नळ्या आजपासून जपणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.