खोटी कुस्ती, खरी हाडं

नव्वदच्या दशकात दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्तीकंपनीचे पत्ते घेऊन शाळेत जाणाऱ्या पोरांना प्रश्नांची ददात नव्हती. अंडरटेकर खरंच मरून परत आला का? ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षय कुमारशी भिडला तो अंडरटेकर खराच होता का? (नव्हता. त्या वेशात ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता.) पत्त्यांवर छापलेली छातीची मापं घेतली कुणी? या सगळ्या प्रश्नांवर घरातली मोठी माणसं एकाच वाक्याचं झाकण ठेवत, ‘‘अरे, खोटं असतं ते सगळं.’’

माझे आजोबा कोल्हापूरकडचे, तालमीत घाम जिरवलेले. त्यांचा निकाल याहून कडक. ‘‘लेका, ही कुस्ती न्हवं, नुरा हाय नुरा.’’ आधी ठरवून लढलेली कुस्ती म्हणजे त्यांच्या लेखी मातीला बट्टा. पण एकदा दोरावर चढलेला एक गडी मानेवर आपटला, तसे ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, ‘‘पडल्यावर त्येला बघतं कोण रं?’’ मी हसलो. सगळं खोटंच आहे, तर बघायचं काय त्यात!

चूक माझी होती, पण माझ्या एकट्याची नव्हती. आजोबांचा पहिला शेरा जगभरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मारत आले आहेत. दुसरा प्रश्न फार थोडे विचारतात. माझं म्हणणं असं की ‘खोटं’ हा शब्द या धंद्यावरची टीका नाहीच. तो या धंद्याच्या मालकांचा सगळ्यात भरवशाचा पहारेकरी आहे.

याला पुरावा आहे. 1984च्या डिसेंबरात न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन स्टोसेल या टीव्ही पत्रकाराने डेव्हिड शुल्ट्झ या पैलवानाला तोंडावर सांगितलं की मला हे बनावट वाटतं. शुल्ट्झने आधी त्याच्या एका कानाखाली वाजवली, मग दुसऱ्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीवर मिटलं. धंद्याचं गुपित राखण्याला तिथे ‘केफेब’ म्हणतात, आणि त्या केफेबपायी हात उचलणं ही तेव्हा निष्ठा समजली जाई. पुढे पाचच वर्षांत, 1989च्या फेब्रुवारीत, शुल्ट्झच्या त्याच कंपनीने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने, न्यू जर्सीच्या सिनेटपुढे आपण होऊन कबूल केलं की आमची कुस्ती ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे. हा साक्षात्कार कशाने झाला? खेळ म्हटला की पैलवानाला परवाना आला, लढतीआधी वैद्यकीय तपासणी आली, टीव्हीच्या उत्पन्नावर राज्याचा कर आला. करमणूक म्हटलं की तिन्हींतून सुटका. ज्या वाक्यासाठी पत्रकाराने मार खाल्ला, त्याच वाक्यावर मालकांनी कर वाचवला.

याच नाटकाचा पुढचा अंक 2020 साली फ्लोरिडात झाला. करोनाच्या टाळेबंदीत राज्याने राष्ट्रीय प्रेक्षकवर्ग असलेले व्यावसायिक खेळ आणि माध्यमनिर्मिती यांना अत्यावश्यक ठरवलं, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर कुस्ती चालू राहिली. त्याच एप्रिलमध्ये खर्च कमी करायचा म्हणून अनेक पैलवानांच्या हाती नारळ ठेवण्यात आला. म्हणजे तपासणी टाळायची असेल तेव्हा ही करमणूक, आणि दार उघडं ठेवायचं असेल तेव्हा अत्यावश्यक सेवा. ‘खोटं आहे’ असं म्हणणाऱ्या प्रेक्षकाला वाटतं आपण डाव ओळखला. तो डाव त्याच्यासाठीच मांडलेला असतो.

आता ‘खोटं’ या शब्दाचा तर्क जरा आपल्या घरातल्या कलेला लावून पाहू. कोकणातल्या जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. राक्षस हरणार हे पुढच्या रांगेतल्या पेंगुळलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आख्यान ठरलेलं असतं, पण संहिता लिहिलेली नसते. संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. या कुस्तीचीही रीत जवळपास हीच. जिंकणार कोण आणि शेवट कसा होणार हे आधी ठरतं. मधली गुंफण बऱ्याचदा दोघे पैलवान एकमेकांच्या कानात पुटपुटत रिंगमध्येच करतात. दशावताराला कुणी खोटा म्हणत नाही. मग हिलाच का म्हणायचं?

आणि पडणं खोटं कसं असेल? आपल्या आखाड्यातली लाल माती चाळून, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. पडणाऱ्याला ती झेलते. त्या रिंगमध्ये खाली लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. हनुवटी छातीशी, पाठ सपाट, हात पसरलेले, असं पडायला शिकावं लागतं, त्याला ते ‘बंप’ म्हणतात. बंपमुळे मार वाटला जातो, नाहीसा होत नाही. 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या पैलवानाला छतावरून दोरीने खाली उतरवून एक विनोदी प्रवेश करायचा होता. पट्ट्याची कडी मध्येच सुटली आणि तो सत्तरहून अधिक फुटांवरून रिंगमध्ये कोसळला. टीव्हीवरच्या समालोचकाला प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही. ओवेन गेला. कार्यक्रम मात्र थांबला नाही. पुढच्या लढती त्याच रिंगमध्ये झाल्या. पुढच्या वर्षी कंपनीने कुटुंबाला 1 कोटी 80 लाख डॉलर देऊन दावा मिटवला. जपानमध्ये मित्सुहारू मिसावा या दिग्गजाने आयुष्यभर मानेवर आपटून घेतलं आणि जून 2009 मध्ये हिरोशिमाच्या रिंगमध्ये अशाच एका फेकीनंतर तो उठला नाही. या दोघांच्या लढतींचा निकाल ठरलेला होता. मरण ठरलेलं नव्हतं.

‘खोटं आहे’वाल्यांना सोडून निष्ठावान चाहत्यांकडे वळलो, तर तिथे वेगळी गंमत. त्यांना सगळं ठाऊक असतं, पण त्यांची जिज्ञासाही भलत्याच बिळात शिरते. 9 नोव्हेंबर 1997ची माँट्रियलची रात्र घ्या. ब्रेट हार्ट कंपनी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे निघाला होता. शॉन मायकल्सने त्याचाच पेच त्याच्यावर टाकला, ब्रेटने हार मानली नव्हती, तरी मालक विन्स मॅकमॅहनच्या हुकमावरून घंटा वाजली आणि किताब गेला. तेव्हापासून चाहते एकच खल करतायत की तो खरा दगा होता की सगळ्यांनी मिळून रचलेला बनाव. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ब्रेटच्या करारात होती. शेवटच्या तीस दिवसांत आपलं पात्र कसं वागेल यावर त्याला वाजवी अधिकार असेल, असं कलम त्यात होतं. मालकाने पैलवानाला लिहून दिलेला शब्द हजारो लोकांसमोर मोडला, आणि त्याच प्रसंगातून ‘दुष्ट मालक’ हे पात्र तयार करून पुढची कित्येक वर्षं तिकिटं विकली. दगा झाला तो कामगाराशी, आणि चाहते मात्र आजही पंचाच्या चेहऱ्यावरचे भाव तपासत बसलेत.

‘खोटं आहे’ हा पहिला आक्षेप झाला. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. ‘ते स्वखुशीने येतात, कोट्यवधी कमावतात, आपण कशाला रडायचं?’ स्वखुशीचा मुद्दा मान्य. पण ही खुशी कोणत्या अटींवर, तेही बघू. हे पैलवान कंपनीचे कर्मचारी नाहीत, कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत. रिंगमधल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते, पण आरोग्यविमा ज्याचा त्याने काढायचा. गावोगावच्या मुक्कामाचा आणि गाडीभाड्याचा खर्च वर्षानुवर्षं ते स्वतःच्या खिशातून करत आले. स्वतंत्र म्हणावं, तर दुसऱ्या कंपनीत खेळायची मुभा नाही. नाव, वेश आणि बऱ्याचदा बोलायची वाक्यंही कंपनीची. आपल्या गावातल्या गवंड्यालासुद्धा कंत्राटदार आणि मजूर यांतला फरक कळतो. रेव्हन आणि आणखी दोन पैलवान 2008 साली या वर्गवारीविरुद्ध कोर्टात गेले, त्यांचा दावा फेटाळला गेला. डोक्याच्या दुखापतींबद्दल पन्नासहून अधिक माजी पैलवानांनी 2016 साली लावलेला दावाही 2018 साली फेटाळला गेला. कोर्टाने दावा फेटाळला म्हणजे मेंदूला मार लागलाच नाही, असं होत नाही.

मग संघटना का केली नाही? एकाने प्रयत्न केला. 1986 साली जेसी व्हेंचुराने ड्रेसिंग रूममध्ये युनियनची गोष्ट काढली. ती मालकाच्या कानावर गेली. कुणी घातली हे व्हेंचुराला कित्येक वर्षांनी, मानधनाच्या खटल्यातल्या साक्षीतून कळल्याचं तो सांगतो. नाव निघालं हल्क होगनचं, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या नायकाचं. रिंगमध्ये खलनायकाची भूमिका करणारा व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला. युनियन मात्र आजवर झाली नाही. हॉलिवूडमधल्या साध्या स्टंटमनच्या पाठीशीही युनियन असते. इथे नट म्हणावं तर नटांची संघटना नाही, खेळाडू म्हणावं तर खेळाडूंची नाही.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर देतो. ‘ते दिवस गेले, आता धंदा सुधारला.’ खरंच, बरंच सुधारलं. 2005च्या नोव्हेंबरात एडी गुरेरो हा पैलवान अडतिसाव्या वर्षी हॉटेलच्या खोलीत मेलेला सापडला, त्यानंतर 2006 साली औषधं आणि हृदय यांच्या तपासणीचा कार्यक्रम आला. 2010 साली डोक्यात खुर्ची घालण्यावर बंदी आली. डॅनियल ब्रायनला मेंदूच्या दुखापतींमुळे 2016 साली निवृत्त व्हावं लागलं आणि दोन वर्षांनी, डॉक्टरांनी पारखल्यावरच, परत येता आलं. पण या यादीत आधी काय आणि नंतर काय, ते पाहा. गुरेरो आधी गेला, तपासणी नंतर आली. जून 2007 मध्ये ख्रिस बेन्वा या पैलवानाने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतःचा जीव घेतला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या माराच्या खुणा सापडल्या. त्याच्या गुन्ह्याला ही सबब नाही. पण खुर्चीवरची बंदी त्यानंतर आली, आधी नाही. ज्या सुधारणेला दरवेळी एक प्रेत लागतं, तिला सुधारणा म्हणताना जीभ थोडी अडखळावी.

आणि सत्तेचं काय? 2022 साली स्त्रियांना गप्प ठेवण्यासाठी दिलेल्या पैशांची प्रकरणं बाहेर आल्यावर मॅकमॅहन पायउतार झाले, 2023च्या जानेवारीत परतले, आणि 2024च्या जानेवारीत एका माजी कर्मचारी महिलेने लैंगिक शोषणाचा दावा लावल्यावर दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन गेले. आरोप त्यांनी फेटाळले आहेत, त्यांचा निवाडा कोर्टाने करावा. मला खुपतो तो मधला परतीचा जिना. तो इतका सहज सापडतो, कारण खाली उभ्या असलेल्या कंत्राटदारांना ‘नाही’ म्हणायची सोय नाही.

‘एवढं खटकतं तर बघू नका,’ हा शेवटचा सल्ला. तो मी मानणार नाही, आणि इतरांनीही मानू नये. एक तर हा खेळ मला आवडतो. शंभर किलोचा गडी दुसऱ्याला डोक्यावर उचलतो, तेव्हा वरच्याचा जीव खालच्याच्या हातात असतो. आपटायचं दाखवून जपायचं, हे कसब आहे. निकाल आधी ठरलेला असतो म्हणूनच हे शक्य होतं. आजोबा जिला नुरा म्हणून हिणवत, तिच्या पोटात एवढा विश्वास असतो. असं काम करणाऱ्यांना सोडून निघून जाणं म्हणजे त्यांना त्याच मालकाच्या हवाली करणं.

दुसरं म्हणजे, चाहत्याने योग्य प्रश्न विचारला तर धंदा हलतो. 2015च्या फेब्रुवारीत टीव्हीवर चार बायकांची लढत अर्ध्या मिनिटात उरकली. त्या रात्री चाहत्यांनी समाजमाध्यमांवर ‘त्यांना संधी द्या’ असा धोशा लावला आणि तो काही दिवस थांबवला नाही. पुढच्याच वर्षी बायकांसाठी वापरला जाणारा ‘दिवा’ हा शब्द आणि त्यांचा फुलपाखराच्या आकाराचा किताबाचा पट्टा गेला, आणि 2019च्या एप्रिलमध्ये रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची शेवटची, मुख्य लढत प्रथमच बायकांची झाली. त्याच चाहत्यांनी तेवढ्याच जिद्दीने विमा मागितला असता तर? पैसा नाही म्हणायची सोय राहिलेली नाही. ‘रॉ’ या एका कार्यक्रमाचा नेटफ्लिक्सशी झालेला दहा वर्षांचा करार पाच अब्ज डॉलरच्या घरातला आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. पैलवान कर्मचारी ठरावेत, विमा कंपनीने काढावा, दरवर्षी सक्तीची विश्रांती असावी, रिंगजवळच्या डॉक्टरचा पगार मालकाकडून नसावा, आणि युनियनचं नाव काढणाऱ्याची चहाडी करण्यात नायकपण नसावं.

आमच्या त्या पत्त्यांवर उंची, वजन, छाती, दंड आणि जिंकलेल्या लढती छापलेल्या असत, आणि ज्याचा आकडा मोठा तो समोरच्याचा पत्ता घेऊन जाई. ते पत्ते पुन्हा छापायचं काम माझ्याकडे आलं, तर मी आणखी चार ओळी घालीन. डोक्याला किती वेळा मार बसला. मणक्याची शस्त्रक्रिया किती वेळा झाली. वर्षातल्या किती रात्री घराबाहेर गेल्या. विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून किती गेला. फक्त मोठा आकडा जिंकतो, हा नियम तेवढा पोरांना बदलावा लागेल.