दवाखान्याची खिडकी

गेल्या आठवड्यात एका आजींनी मला दवाखान्यातच फैलावर घेतले. सकाळची वेळ, बाहेर गारठा, आणि रुग्ण बसतात त्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. "डॉक्टर, माणसानं इथं बरं व्हायला यायचं का आजारी पडायला? लावा की ती खिडकी, वारं बाधतंय."

आजींचे म्हणणे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. गार वारा अंगाला झोंबतो, दमेकऱ्याला त्रासही देतो, हे खरे. पण सर्दी, फ्लू, गोवर, कोविड हे विषाणूंचे आजार. ते येतात दुसऱ्याच्या श्वासातून. वारा त्या विषाणूंना पांगवतो; बंद खोली त्यांना साठवून ठेवते. पुस्तकातून मला हे ठाऊक होतेच. अंगी मुरले ते मात्र २०२२ च्या हिवाळ्यात, आणि सोसावे लागले एका लहानग्याला.

त्या वर्षी मुंबई, मालेगाव, भिवंडी भागात गोवराची साथ होती. आमच्या गावात अजून कोणी सापडले नव्हते. एके सायंकाळी चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, लाल डोळे, कानामागून चेहऱ्यावर उतरलेले पुरळ. त्याला तपासले, सरकारी यंत्रणेला कळवले, पुढे पाठवले. सगळे नियमाप्रमाणे. पण त्याआधी तो बाहेरच्या बाकड्यावर पाऊण तास बसला होता. तो गेल्यावर अर्ध्या तासाने एक आई सात महिन्यांच्या बाळाला घेऊन साध्या खोकल्यासाठी आली आणि त्याच खोलीत थांबली. दहा-अकरा दिवसांनी बाळाला ताप, मग पुरळ, मग न्यूमोनिया. आठ दिवस ते ऑक्सिजनवर होते. वाचले, हे नशीब. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे आईवडिलांचीही काही चूक नव्हती. ती आई मला एवढेच म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवसांत आम्ही घर सोडून कुठंच गेलो नव्हतो. फक्त तुमच्याकडं आलो होतो."

यावर काय उत्तर द्यायचे?

दोन बाळगोपाळांची गाठसुद्धा पडली नव्हती. पण त्या खोलीत मी चार वर्षांपूर्वी हौसेने एसी बसवला होता आणि खिडक्यांना कायमच्या बंद काचा लावून घेतल्या होत्या. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो.

वाचकांना हे स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन पटेल. कढईतून उडालेला तेलाचा थेंब ओट्यावरच पडतो. पण मिरचीच्या फोडणीचा ठसका बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्यालाही लागतो. आपल्या श्वासाचेही तसेच. खोकताना उडणारे मोठे थेंब चार-सहा फुटांत खाली पडतात. बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना निघणारे अतिसूक्ष्म कण मात्र तरंगत राहतात आणि हवा जाईल तिकडे जातात. १९७४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत एका मुलीपासून २८ मुलांना गोवर झाला. ही मुले १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती, बरीचशी तिच्या वर्गात कधी बसलीही नव्हती. शाळेची वायुवीजन यंत्रणा वापरलेली हवा गोळा करून पुन्हा सगळ्या वर्गांत सोडत होती.

एवढे माहीत असूनही २०२० मध्ये आपण काय केले? रस्ते धुतले, भाज्या सोड्यात बुडवल्या, आणि उत्तर प्रदेशात बरेलीला तर गावी परतणाऱ्या मजुरांच्या अंगावरच जंतुनाशक फवारले. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये कोविड हवेतून पसरत नाही असे ठामपणे सांगितले होते. स्वच्छ शब्दांत कबुली यायला २०२१ उजाडले. आम्ही डॉक्टरही हात धुवा, हात धुवा म्हणत राहिलो. हात धुवावेतच. पण खिडकी उघडा असे किती जणांनी सांगितले?

एसीबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करतो. भिंतीवर लावतो तो साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका बिनखिडकीच्या उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरच फिरत होता.

आपली जुनी सरकारी रुग्णालये आणि शाळा आठवून पाहा. उंच छत, समोरासमोर खिडक्या, वर झरोके. पेरू देशात लिमा शहरातल्या रुग्णालयांची हवा मोजून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारे उघडल्यावर पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या खोल्यांतली हवा तासाला साधारण ४० वेळा बदलत होती, नव्या खोल्यांतली १७ वेळा. तिथल्याच यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांना शिफारस होती १२ वेळांची. आणि आपण अशा इमारती पाडून ठेंगणी छते आणि निम्म्याच उघडणाऱ्या सरकत्या काचा बसवतो आहोत.

माझा राग सर्वांत जास्त आहे तो क्लासवाल्यांवर. दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, प्लायवूडचे पार्टिशन, एक एसी आणि दाटीवाटीने बसलेली पन्नास-साठ मुले. एक तुकडी उठते तोच दुसरी त्याच हवेत येऊन बसते. क्लासवाले म्हणतात, खिडकी उघडली की रस्त्याचा आवाज, धूळ, डास. तक्रार खोटी नाही. पण डासांना जाळी आहे. दाराच्या समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसतो. दोन तुकड्यांमध्ये दहा मिनिटे सगळे उघडे टाकता येते. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळते. बाहेरच्या हवेत आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. खोलीत तो हजाराच्या वर गेला, तर तिथे बसलेले लोक एकमेकांची उच्छ्वासाची हवाच बऱ्यापैकी घेत आहेत असे समजावे. बांधकामाची परवानगी देताना खिडक्या किती असाव्यात हे नियमात असते. नंतर त्या बुजवल्या तर पाहायला कोणी येत नाही. नगरपालिकेने क्लास, मंगल कार्यालये आणि आमचे दवाखानेसुद्धा एकदा तपासावेत. सुरुवात माझ्यापासून केली तरी चालेल.

मी सुताराला बोलावून त्या काचा काढल्या, गज आणि जाळी बसवली. ताप आणि पुरळ असलेल्या मुलाला आता आत आणायचे नाही. कंपाउंडरला ओट्यावरूनच हाक मारावी, मी बाहेर येऊन तपासतो. आणि आजींसाठी खिडकीपासून लांबची खुर्ची राखून ठेवली आहे. येताना शाल मात्र त्यांनीच आणायची आहे.