साक्षीवाचून विश्व

आज माघ वद्य चतुर्दशी. रात्री गावोगावच्या शिवमंदिरांतून चार प्रहरांच्या पूजा होतील, पिंडीवर बेलाबरोबर गव्हाच्या ओंब्या आणि आंब्याचा मोहोर चढेल, आणि शंकराला एरवी केवडा का चालत नाही ही गोष्ट कोणी आजी नातवंडांस पुन्हा सांगेल. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठत्वाचा वाद जुंपला असता त्यांच्यामध्ये तेजाचा एक स्तंभ उभा राहिला. विष्णू वराह होऊन त्याचे मूळ शोधण्यास खाली गेले, ब्रह्मदेव हंस होऊन माथा शोधण्यास वर उडाले. विष्णूंनी परत येऊन हार मान्य केली. ब्रह्मदेवांनी मात्र माथा पाहिल्याचे सांगितले आणि केतकीस साक्षीला उभे केले. ती साक्ष खोटी ठरली. वेरुळच्या पंधराव्या लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे. या कथेतील आम्हांस विशेष वाटते ते असे, की तो स्तंभ साक्षीदारासाठी अडून राहिला नव्हता. कोणी त्याचा माथा पाहो वा न पाहो, तो होताच.

यावरूनच एक प्रश्न मनात येतो. उद्या पृथ्वीवर एकही मनुष्य उरला नाही, तर हे विश्व चालेल काय? आणि चालले, तर त्याच्या चालण्याला काही मोल राहील काय? सणाच्या दिवशी असले अशुभ कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचे वास्तव्यच स्मशानात, त्या देवाच्या दिवशी हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणत्या दिवशी विचारायचा?

प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर आपल्या पायांखालीच आहे. घृष्णेश्वराच्या जत्रेस जाणारा भाविक ज्या काळ्या खडकावरून चालतो तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तप्त रसरूपाने भूमीतून बाहेर पडला. थरावर थर साचले, निवाले आणि त्यांतूनच आपला सह्याद्री घडला. त्याच सुमारास पृथ्वीवरील ते महाकाय सरडे नाहीसे झाले. मनुष्यजात अवतरली ती उणीपुरी तीन लाख वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्या साऱ्या आयुष्याच्या दोनशे वीस पटी काळ हा खडक आपल्यावाचून उन्हापावसात उभा होता आणि त्याचे काही अडले नव्हते. पुढेही अडणार नाही. सूर्याला अजून सुमारे ५०० कोटी वर्षांचे आयुष्य आहे. आपल्या पुराणांनी ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा मानला. पृथ्वीचे वय ४५४ कोटी असल्याचे वाचून पूर्वजांना हे ठाऊक होते, असे छातीठोकपणे सांगणारे अनेक भेटतात. त्या वादात आम्ही पडत नाही. पूर्वजांचे कौतुक वाटते ते निराळ्याच कारणाने. एवढा प्रचंड हिशेब मांडताना त्यांनी त्याच्या मध्यभागी मनुष्याला बसविले नाही.

उत्तरार्ध मात्र इतका सोपा नाही. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापुथ गावी रवींद्रनाथ ठाकूर आइन्स्टाइन यांच्या घरी गेले होते. तेव्हा दोघांचे बोलणे याच वळणावर येऊन ठेपले. माणूसच नसेल तर अपोलोची ती प्रख्यात मूर्ती सुंदर राहणार नाही काय, असे आइन्स्टाइन यांनी विचारले. राहणार नाही, असे रवींद्रनाथ म्हणाले. सौंदर्यापुरते आइन्स्टाइन यांनी ते मान्य केले, सत्यापुरते नाही. घरात कोणी नसले तरी टेबल जागच्या जागी असतेच, असे त्यांचे म्हणणे. आणि हे सिद्ध करता येत नसले तरी आपली ती श्रद्धा आहे, असेही त्यांनी सांगून टाकले. ऋषितुल्य कवी मनुष्याचा पक्ष घेतो आणि शास्त्रज्ञ श्रद्धेचा, हा योग मोठा मौजेचा खरा!

आमचा कौल टेबलाच्या बाजूने आहे. खडक राहील. तथापि वेरुळच्या त्याच खडकातून आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, कळसापासून पायाकडे खोदत कैलास लेणे उतरविले गेले. बडोद्यास मिळालेल्या एका ताम्रपटात कृष्णराजाच्या अशा मंदिराचे वर्णन आहे आणि ते कैलासाचेच, असे बहुतेक विद्वान मानतात. आकाशातून जाणारे देव ते पाहून विस्मित झाले, आणि घडविणारा शिल्पीही हे आपल्या हातून झाले कसे म्हणून थक्क झाला, असे तो ताम्रपट सांगतो. मनुष्य गेल्यावर तेथे दगडांत पडलेला एक मोठा खळगा राहील. त्यात पाणी साचेल, वटवाघळे राहतील. थक्क होणारे मात्र कोणी असणार नाही.

मग मोल म्हणून जे काही आहे ते सारे आपल्याबरोबरच संपते काय? येथे आम्हांस आजच्याच रात्रीची कथा थांबविते. 'शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायातील व्याध बेलाच्या झाडावर दबा धरून बसला आहे. पाण्यावर आलेली हरिणी त्याला विनविते, घरी जाऊन येऊ दे, मग खुशाल मार. आता हरिणी मनुष्यवाणीने बोलते ही कवीची करणी. पण तिचा जीव पाडसात गुंतलेला असतो, ही काही करणी नव्हे. आपण नसलो तरी हरिणी पाडसाला चाटील, टिटवी अंड्यांसाठी आक्रोश करील. तेवढे मोल जगात राहील आणि ते थोडके नाही. जाईल तो व्याध. भुकेला असून, बाण लावलेला असून, दुसऱ्याच्या पाडसाचा विचार करून ज्याचे धनुष्य खाली येते असा प्राणी या भूमीवर, आजवर तरी, एकच निघाला आहे. तो हरघडी धनुष्य खाली घेतो असे मुळीच नाही. हिरोशिमावर १९४५ साली काय झाले हे आम्ही विसरलेलो नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की अलीकडे सुशिक्षितांच्या तोंडून एक नवेच वैराग्य ऐकू येते. माणूस नष्ट झाला तर होऊ द्या, पृथ्वी एकदाची सुटेल! तापत चाललेली हवा, आटलेल्या नद्या, उजाड झालेले डोंगर पाहून आलेला हा उद्वेग आम्ही समजू शकतो. परंतु हे वैराग्य आम्हांस खरे वाटत नाही. प्रळय ही ज्याची स्वतःची सत्ता, त्या महादेवापुढे हलाहल आले तेव्हा, नाहीतरी हे सारे एक दिवस मीच मोडणार आहे, असे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. त्याने ते कंठात धरले. ज्याला शेवट सर्वांहून अधिक ठाऊक होता, त्याने एवढी दगदग का करावी, हे या नव्या विरक्तांनी आम्हांस सांगावे.

व्याधाच्या कथेचा शेवट आकाशात होतो. आज रात्री पहिल्या प्रहराच्या पूजेस निघताना वाचकांनी दक्षिणेकडे पाहावे. उंचावर मृग नक्षत्र आणि त्याच्या खाली डावीकडे लखलखणारा व्याध दिसेल. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर, मृगाचे तारे त्याच्या कितीतरी पलीकडे, शेकडो प्रकाशवर्षांवर. त्यांची एकमेकांशी गाठ नाही. येथून, या अंगणातून पाहिले म्हणजेच ते हरिण होते आणि हा शिकारी होतो. चौथ्या प्रहराच्या घंटा वाजतील तोवर दोघेही पश्चिमेस मावळलेले असतील, आणि जागरणाला बसलेली मंडळी पारण्याच्या तयारीसाठी घरोघर परतू लागतील.